पष्टे मॅडमचं शून्य

संगणकात काहीही शोधायचं असलं की पष्टे मॅडम आधी स्वतःला शोधत. कुणी विचारो मोटर कधी जळाली, कुणी विचारो पट्टा कधी तुटला. त्यांच्या बोटांखालून पहिला शब्द निघे तो ‘पष्टे’. रोज सकाळी यंत्र चालू केल्यावर नोंदीत ‘पष्टे आली’ एवढं त्या स्वतःच टाकत, त्यामुळे तो शब्द आत असायलाच हवा होता. सापडला तर काम पुढे सरके. नाही सापडला तर त्या खुर्ची मागे ढकलून समोरच्याला सांगत, “मीच सापडत नाय, तर तुझी मोटर कुठून सापडंल? आधी याला काय झालंय ते बघू.”

सुमन पष्टे शहापूरच्या. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या गोण्या विणणारा एक कारखाना होता, तिथे त्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टायपिस्ट म्हणून लागल्या. पुढे टाइपरायटर गेला आणि त्या जागी संगणक आला. बाई त्याच खुर्चीवर राहिल्या. खुर्चीच्या मुठीला मिश्रीची डबी टांगलेली असे, आणि साहेब आत आले तरी ती झाकायची तसदी त्या घेत नसत.

त्यांची माझी ओळख शहापूर-मुरबाड एसटीत झाली. मी तेव्हा तालुक्याची बातमीदारी करत होतो. त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुमी पेपरवाले ना? आमच्या गल्लीतल्या गटाराची बातमी कधी दिसली नाय.”

“तशी तक्रार आली नाही आमच्याकडे,” मी सांगितलं.

“तक्रार आली नाय म्हणून गटार वाहतंय होय?”

पुढच्या आठवड्यात बातमी लागली. गटार तसंच राहिलं.

कारखान्यात यंत्र थांबलं की पाळीवरच्या माणसाने वेळ आणि कारण संगणकात टाकायचं, असा नियम होता. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी आणि स्पेलिंग ज्याच्या त्याच्या मनाचं. त्यामुळे शोधायला गेल्यावर पडद्यावर ‘नो रेकॉर्ड्स फाउंड’ येणं हे तिथलं रोजचं होतं. मॅनेजर साहेब ते वाक्य कोर्टाच्या निकालासारखं वाचत. मॅडम ते तक्रारीसारखं वाचत. “हा खोटा बोलत नाय,” त्या पडद्यावर टिचकी मारून सांगत, “पण विचारलं तेवढंच बोलतो. नवी सून. ‘मीठ आहे का’ विचारलं तर ‘नाय’ म्हणंल. डब्यावर सैंधव लिवलंय हे सांगणार नाय.”

एकदा अख्ख्या महिन्याच्या नोंदी गायब झाल्या. साहेबांनी कामगारांवर ठपका ठेवला की यांनी नोंदीच केल्या नाहीत. मॅडमनी तारखेची अट काढून टाकली आणि पुन्हा शोधलं. सगळ्या नोंदी एकोणीसशे ऐंशी सालात निघाल्या. संगणकातली घड्याळाची बॅटरी संपली होती, आणि लाइट गेली की ते घड्याळ आपल्या जन्मसालाला परत जात होतं. मॅडमनी कागद साहेबांपुढे ठेवला. “बघा साहेब, कारखाना बांधायच्या आधीच आमी मोटर जाळली. एवढं काम केलंय लोकांनी.”

सोमाचं प्रकरण मात्र असं हसण्यावारी जाणारं नव्हतं.

सोमा खर्डीकडच्या एका पाड्यावरचा, पॅनल रूममधला इलेक्ट्रिशियन. अनेक वर्षं कच्च्या नोकरीत होता आणि त्या पावसाळ्यानंतर कायम होणार होता. एका पाळीत त्याने मेन स्विच पाडला आणि बराच वेळ पुन्हा चढवलाच नाही. तेवढ्यात यंत्रांमधलं वितळलेलं प्लास्टिक गोठलं. ते खरवडून काढण्यात पुढची सगळी पाळी गेली. साहेबांचं म्हणणं असं की सोमा झोपला होता. सोमाच्या लेखी जबाबात होतं, ‘पॅनलमध्ये साप शिरल्याने वीजपुरवठा खंडित करून तो निघून जाण्याची वाट पाहिली.’ त्या पाळीची नोंद त्याने केलीच नव्हती. प्लास्टिक खरवडायच्या गडबडीत राहून गेली, असं तो म्हणाला. जबाब कारकुनाने लिहिला होता, हे भाषेवरून कळतंच.

साहेबांनी मॅडमना हुकूम दिला, “जुन्या नोंदी बघा. याआधी कधी पॅनलमध्ये साप निघालाय का? निघाला असेल तर मी ऐकेन. नसेल तर सोमवारी चौकशी, आणि त्याला घरी पाठवतो.”

मॅडमनी आधी ‘पष्टे’ टाकलं, सापडलं. तारखा तपासल्या, ठीक होत्या. मग ‘साप’ टाकला, इंग्रजी अक्षरांत जितक्या तऱ्हेने लिहिता येईल तितक्या तऱ्हेने. मग ‘नाग’, मग इंग्रजी ‘स्नेक’. सगळीकडे शून्य. साहेब मागे उभे होते. ते म्हणाले, “झालं तर मग.”

“झालं नाय साहेब. मुरबाडात पावसाळ्यात साप नाय म्हणजे मुरबाडच नाय. माझा प्रश्न चुकतोय.”

चौकशीच्या आधी त्यांनी सोमाला बोलावून घेतलं. चौकशीत मी अर्थातच नव्हतो, या बोलण्याच्या वेळीही नव्हतो. दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि जे जुळलं तेच इथे देतो.

“सोमा, खरं सांग. काय होता रे आत?”

“जनावर होता, मॅडम.”

“कसला जनावर?”

“आता तुमाला काय सांगू. लांब होता.”

“अरे मग नाव घे की त्याचं! सोमवारी नोकरी जाईल तुझी.”

“नोकरी राहिली तर त्याच पॅनलमधी रोज हात घालायचाय मला. नाव कशाला घेऊ?”

यावर मॅडमनी स्वतःला जी शिवी दिली, ती सोमाने मला जशीच्या तशी ऐकवली. ती छापण्यासारखी नाही. जन्मभर त्याही जनावरच म्हणत आल्या होत्या. त्यांच्या अंगणात निघालं तरी ‘जनावर निघालं गो’ अशीच हाक त्या शेजारणीला घालत. साप हा शब्द शाळेच्या पुस्तकातला आणि कारकुनाच्या जबाबातला. “संगणकापुढे बसले की मी पण पुस्तकी होते,” त्या मला नंतर म्हणाल्या. “वीस माणसं बोलतात एक, आणि मी भलत्याच नावानं हाका मारत बसले. कोण ओ देणार?”

मग त्यांनी शब्दच काढून टाकला. मागच्या काही पावसाळ्यांत पॅनल जितक्या वेळा बंद पडलं, तेवढ्या सगळ्या नोंदी मागवल्या आणि डोळ्यांनी वाचल्या. जनावर, जनवार, जानवर. वेगवेगळ्या पाळ्या, वेगवेगळी माणसं. सगळ्यांनी तेच केलं होतं: मेन पाडला, वाट बघितली, गेल्यावर चढवला.

सोमवारी कागद टेबलावर आला. साहेबांनी दोन ओळी वाचल्या आणि ते उखडले. “हे मला माहीत आहे! ही जनावरं महिन्याच्या अहवालात मीच पकडली होती. त्याचसाठी चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलं ना?”

कुंपण खरंच घातलं होतं. भक्कम होतं. वरच्या ऑफिसात त्याचं कौतुकही झालं होतं.

“कुंपण झकास आहे, साहेब,” मॅडम म्हणाल्या. “एक म्हैस आत आली नाय. आधी पण येत नव्हती, ते सोडा. पुढची ओळ वाचा.”

साहेबांनी वाचली. ‘जनावर पॅनलवर चढला.’

“त्याच्या खालची.”

‘जनावर केबलच्या भोकातून गेला.’

“आता केबलच्या भोकातून जाणारी म्हैस तुमच्या बघण्यात असंल तर पेपरवाले आहेत माझ्या ओळखीचे.”

साहेब बराच वेळ कुंपणाकडे उघडणाऱ्या खिडकीतून बाहेर बघत होते, असं सोमा सांगतो. चौकशी तिथेच बंद झाली. पावसाळ्यानंतर सोमा कायम झाला आणि केबलची भोकं सिमेंटने बुजवली गेली.

यातून साहेब एक धडा शिकले, तोही उलटा. त्यांनी फलक लावला: ‘नोंदीत जनावर लिहू नये. साप असे स्पष्ट लिहावे.’ पुढच्या पावसाळ्यातही नोंदीत साप शून्यच राहिले. जनावरंही शून्य. साहेब खूश झाले. मॅडमचा शून्यावर कधीच विश्वास नव्हता. त्यांनी पुन्हा सगळ्या नोंदी डोळ्यांनी वाचल्या तेव्हा नवा शब्द मिळाला: ‘पाहुणा दारातून आला. पाहुणा गेला.’ तोवर साहेबांनी गेटवरच्या वॉचमनला मेमो दिला होता, की पाळीच्या वेळी पॅनल रूममध्ये येणाऱ्या पाहुण्यांचे पास कुठे आहेत.

मॅडमनी फलक स्वतः उतरवला. प्रत्येक पाळीला त्यांनी तोंडी सांगितलं, “तुमी बोलता तेच लिवा. साहेबाला समजावायचा ठेका माझा.” आणि खरोखरच पुढे कुठल्याही कामगाराला शब्दावरून कुणी बोललं नाही. नवा माणूस लागला की त्या त्याला समोर बसवून घेत आणि भूत, विंचू, बिबट्या, लाइट या सगळ्यांना घरी काय म्हणता ते विचारत. उत्तरं येत: मोठा, वरचा, काळा, बाई. ‘बाई’ म्हणजे देवी की लाइट की त्या स्वतः, यावर एका पाळीत बराच वाद झाल्याचं मी ऐकलं आहे.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा त्या नोकरीतच वारल्या. आजार थोड्या दिवसांचा होता आणि त्याबद्दल त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बातमी सकाळच्या पाळीत कारखान्यात पोचली. सोमा पॅनल रूममध्ये गेला आणि त्याने मेन पाडला. आत काही शिरलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. विनाकारण यंत्रं थांबवल्याच्या ज्या आरोपावरून एकदा त्याची नोकरी जाता जाता राहिली होती, ते त्याने त्या दिवशी खरोखर केलं. थोडा वेळ सगळी यंत्रं गप्प राहिली. मग त्याने मेन चढवला आणि नियमाप्रमाणे जाऊन कारण टाकलं: ‘मॅडम गेल्या.’

साहेब तोवर बदलले होते. नवे साहेब दुपारी नोंद वाचून तणतणत खाली आले.

“मॅडम गेल्या म्हणजे काय? कुठे गेल्या? रजेचा अर्ज टाकलेला नाही त्यांनी!”

“आता टाकतील असं वाटत नाय, साहेब,” सोमा म्हणाला.