फोन कधीपासून बंद आहे?

नागपूरहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र लांबच. तरी त्या दिवसांत आमच्या नंदनवनातल्या घरात सकाळ-संध्याकाळ समुद्रच चालू होता. सरहद्दीवर तणाव, टीव्हीवर निळ्या नकाशावर सरकणारे लाल बाण, आणि आमचे हे, कळमन्यात धान्याचा व्यापार करणारे गृहस्थ, हातात रिमोट घेऊन आरमार हलवत बसलेले. "आता पाह्य, इकडून घेरतात!" मला त्या बाणांचा असा राग यायचा! त्यातल्याच कुठल्यातरी बाणाखाली माझा मुलगा होता.

तो नौदलात आहे. जहाज कोणतं, ते इथंही लिहिणार नाही. सुनेला सातवा महिना होता म्हणून ती आमच्याकडे राहायला आली होती, आणि डोहाळेजेवणाला तो सुट्टी घेऊन येणार होता. एका दुपारी त्याचा फोन आला. "आई, माझी वाट नको पाहू, कार्यक्रम करून घ्या. आता काही दिवस फोन लागणार नाही. अन् कधीपासून लागत नाही, हे कोणालेच सांगू नको."

"काहून रे?"

"फोन बंद झाला म्हणजे जहाज निघालं, हे कोणीही ओळखते. ऑफिसातून बोलतो म्हणून विचारलं तरी नाही सांगायचं. आमचं ऑफिस घरी फोन करून असं विचारत नसते."

आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक. आणि डोहाळेजेवणाचं बोलावणं करायला गेलं की प्रत्येक दारात पहिला प्रश्न तोच: "मुलगा येऊन राहिला ना?" मी म्हणायची, "पाहू, त्याचं काही खरं नसते." जीभ चावून घरी यायची. मला वाटलं, जिंकलं आपण.

तर आमच्या ह्यांनी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमंत्रण टाकलेलं! वर माझा मोबाईल नंबर, आणि खाली झोकात, 'चिरंजीवांची सुट्टी रद्द झाली असून ते देशसेवेसाठी मोहिमेवर रवाना झाले आहेत.'

"अहो, पेपरातच देऊन टाका ना! सोबत नकाशाही छापा!"

"काहून चिडून राहिली वं? आपल्याच लोकांत तर टाकलं."

"तुमच्या आपल्या लोकांनी ते कुठं कुठं पाठवलं, हे सांगता का मले?"

त्यांचं तोंड उतरलं. मेसेज काढून टाकला त्यांनी, पण गावभर व्हायचा तो झालाच होता.

पुढच्याच आठवड्यात दुपारी मी पुरणाची डाळ निवडत होते, सून शेजारी शेवंतीच्या फुलांचे दागिने ओवत होती. अनोळखी नंबर. हात गुंतलेले म्हणून मी स्पीकर लावला.

"माताजी, प्रणाम. नेवी के वेलफेअर ऑफिस से बोल रहा हूँ. बधाई हो, घर में गोद भराई है ना?"

आवाज इतका गोड, की काय सांगू! पुढे म्हणाला, "साहब को छुट्टी दिलाने की कोशिश चल रही है. बस इतना बता दीजिए, उनका फोन किस दिन से बंद है?"

सुनेच्या हातातली सुई थांबली. तो दिवस माझ्या अगदी जिभेवर होता. इतके दिवस तोच तर घोकत होते मी, देवापुढे, चुलीपुढे, झोपेतसुद्धा. एक शब्द निसटला असता तर माझ्या लेकाचं जहाज कधी निघालं ते या मेल्याला कळलं असतं.

मग मी माझं जे आहे तेच काढलं. "बेटा, फोन का क्या लेके बैठे! मेरे घुटने का सुनो पहले." गुडघा सांगितला, डॉक्टर सांगितले, पुरणाला किती डाळ लागते ते सांगितलं, त्याचं लग्न झालं का विचारलं. सून पदर तोंडात कोंबून हसत होती. तो बिचारा मधेमधे "माताजी, बस दिन बता दो" करत राहिला. शेवटी वैतागला. पण ठेवता ठेवता पुन्हा आवाज मऊ करून म्हणाला, "चिंता मत करो माताजी, आपका बेटा बिल्कुल ठीक है."

मी फोन कापला. ह्यांना बोलावून घेतलं, आणि त्यांनी तो नंबर पोलिसांना कळवला, या वेळी कुणालाही न सांगता.

संध्याकाळी सून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. हसू केव्हाच गेलं होतं. "आई, शेवटी काय म्हणाला तो?"

तिनं ऐकलं होतं. तरी मी सांगितलं, "ठीक आहे म्हणे. बिल्कुल ठीक आहे."

त्या चोरट्याला काय माहीत असणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण इतक्या दिवसांत आम्हाला हे दुसऱ्या कुणीच म्हटलं नव्हतं. ती पोटावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"आई, आणखी एकदा सांगा ना."

मी पुन्हा सांगितलं.