ओवी आणि जात्याचा घास

नव्या सुनेच्या तोऱ्यात मी एकदा ओव्या गाऊन सासरचं पीठ नासवलं. आज नात एका दमात कविता म्हणू लागली, तशी ती पहाट आठवली.

कापसाला सोन्याचा भाव आला होता. मामंजी गाड्या भरून बडनेऱ्याच्या आगगाडीकडे निघणार, आणि त्यांच्या शिदोरीची ज्वारी मी दळत होते. आपला गळा सासूबाईंना कळावा म्हणून मी बया न थांबता गात सुटले. ओळ सरली की जात्यात ज्वारीची मूठ घालायची, तेच राहिलं. दगडावर दगड घासला, पिठाला जळका वास आला, दगडाची कच पिठात उतरली. दारात बैल जुंपलेले, आणि मी रडत बसलेली.

सासूबाईंनी दुसरी ज्वारी पुढं ठेवली. म्हणाल्या, "गाणं गोड हाय तुह्यं. पण ओळीओळीले थांबत जाय, बाई. आपण दम घेतो, तवाच जात्याले घास भेटते."