साहेब लाईन हाजर

“मुन्शीजी, इन्स्पेक्टर साहेबाले काढलं म्हनते. खरं काय?” पानाला चुना लावता लावता रहीमभाऊंनी विचारलं.

मी दचकून इकडेतिकडे पाहिलं. “रहीमभाऊ, अशा गोष्टी चौकात बोलायच्या नसतात!”

झालं. ‘नाही’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता. तो सोडून बाकी सगळं म्हणालो. रहीमभाऊंनी मान हलवली आणि दुखवट्याला आल्यासारखं पान माझ्या हातावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत अख्खं चांदा शहर बोलत होतं: साहेबांनी सागवानाच्या ठेकेदाराकडून पैसे खाल्ले, म्हणून गेले.

अफवा निघाली कुठून, याचा शोध मीही घेत होतो. ती माझ्याच तोंडून निघाली होती.

मी तेव्हा शहर ठाण्यात मुन्शी होतो. म्हणजे दारातल्या टेबलाशी बसून तक्रारी उतरवणारा. आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी एका बड्या ठेकेदाराचं चोरीचं सागवान पकडलं होतं. साक्षीदार एकच, चिमूरकडचा गाडीवान डोमाजी. माल कुणाच्या सांगण्यावरून भरला, हे तो कोर्टात सांगणार होता. साहेबांनी त्याला शब्द दिला होता, “मी आहे तोवर तुला कुणी हात लावणार नाही.”

त्याच आठवड्यात पोलीस लाईनमध्ये, म्हणजे शिपायांच्या क्वार्टरांत, देवीची साथ आली. बाया पोरांना लपवून ठेवत, टोचू देत नसत. साहेब तिथे लिंबाखाली खुर्ची टाकून बसले आणि आधी स्वतःचाच दंड डॉक्टरपुढे केला. सगळ्यांना टोचून झाल्याशिवाय ठाण्यात येणार नाही, म्हणाले.

आता पोलिसांत ‘लाईन हाजर’ हा वेगळाच प्रकार. ज्याच्यावर ठपका येतो, त्याचं काम काढून घेतात आणि त्याला लाईनीत नुसतं बसवतात.

गणपत शिपायानं विचारलं, “मुन्शीजी, साहेब कुठी हायेत?”

मला विनोद सुचला. ही माझी जुनी बिमारी.

“साहेब? लाईन हाजर!” मी ओरडलो. गणपत हसून हसून भिंतीला टेकला. मीही माझ्यावर खूश.

बाहेरच्या बाकावर साहेबांना भेटायला आलेला डोमाजी बसला होता. थोड्या वेळानं बाक रिकामा दिसला. बैलांना पाणी दाखवायला गेला असेल, म्हणून मी पुढच्या कामाला लागलो.

तो उठून गेला, ते वाटेत रहीमभाऊंच्या टपरीवर बिडी पेटवून, ऐकलेलं तिथे सांगूनच.

कोर्टात डोमाजी म्हणाला, “अंधार होता जी. मी काई पाह्यलो नाई.”

सरकारी वकिलांनी फिरवून फिरवून विचारलं. तेच उत्तर. ठेकेदार सुटला.

व्हरांड्यात मी डोमाजीला गाठलं. “काऊन पलटला रे?”

“मंग काय करू? साहेबच नाई राह्यले, तं मले कोन वाचवन? त्या ठेकेदाराच्या गावात राहाचं हाय मले.”

“कोण म्हणालं साहेब नाहीत?”

“तुमीच तं वरडले, लाईन हाजर!”

तेवढ्यात साहेब आले. अंगावर पूर्ण वर्दी. डोमाजीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि पायऱ्या उतरून गेला.

केस पडली आणि साहेबांची दूर जंगलातल्या सिरोंच्याला बदली झाली. हुकमात कारण नव्हतं. गावानं ते आधीच तयार ठेवलं होतं. निरोप समारंभ कुणी केला नाही. मी एकटाच हार घेऊन मोटार स्टँडवर गेलो. साहेबांना मागाहून डोमाजीकडून सगळं कळलं होतं.

“मुन्शीजी,” ते शांतपणे म्हणाले, “‘लाईनमध्ये आहेत’ म्हणायला फार वेळ लागला असता का?”

मोटार सुटली. हार माझ्याच हातात राहिला.

पुढे नव्या मुन्शींना मी कामाची एकच गोष्ट शिकवली: विनोद करण्याआधी बाहेरचा बाक बघायचा.

पेन्शनीत निघालो त्या दिवशी रहीमभाऊंकडे पान खायला थांबलो. साहेबांचा विषय निघाला.

“भला आदमी होता. पन पैसे खाल्ले ना त्यानं.”

“नाही खाल्ले!” साऱ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्यानं मी ओरडलो. “दमडीही नाही!”

रहीमभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“अशा गोष्टी चौकात बोलाच्या नसतेत, मुन्शीजी. तुमीच तं सांगतलं होतं.”