कोपऱ्यावरचा चौकोन

तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता, पण मी एका अख्ख्या गावाला प्लॉट वाटून आलो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. तेही कार्डिओग्रामच्या मशीननं. हसू नका, चहा सांडेल.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी वाशीच्या एका हॉस्पिटलात हृदयाचा नवा डॉक्टर. नवा म्हणजे इतका नवा, की पेशंट माझ्याकडून सगळं तपासून घ्यायचे आणि शर्टाची बटणं लावता लावता विचारायचे, "मोठे डॉक्टर कधी येणार?"

मोठे डॉक्टर म्हणजे आमचे सर. त्यांना एकच नाद, घराण्यात चालत येणारा हृदयाच्या स्नायूचा आजार. यात हृदयाची भिंत नको तेवढी जाड होते. माणूस दिसायला धडधाकट, आणि एक दिवस जिना चढता चढता उभ्याचा आडवा. बापाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, निसर्गाला सगळे सारखे.

अशात आमच्याकडे बाळाराम भरती झाला. खाडीकाठच्या एका जुन्या गावातला कोळी. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथे जावं लागतं. होडी ढकलताना चक्कर येऊन पडला होता. तपासलं तर भिंत जाड. वडील असेच अचानक गेलेले, एक काकाही असाच गेलेला.

सर मला म्हणाले, "याच्या भावंडांत आणखी कुणाला तरी हे असणार. आपण शोधायच्या आत ते माणूस गेलं तर दोष आपला. गावात जा, वंशावळ काढ, प्रत्येकाचा कार्डिओग्राम काढ. आणि रोग हा शब्द तोंडातून काढायचा नाही. लोक घाबरतात, पोरींची लग्नं मोडतात, कुणी दार उघडत नाही."

सरांचा शब्द म्हणजे मला वेदवाक्य. तिथेच घोळ झाला.

आता एक गोष्ट अख्ख्या नवी मुंबईला माहीत होती, फक्त मला नव्हती. नवं शहर उभं राहिलं ते या गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सरकार तिच्या साडेबारा टक्क्यांइतका प्लॉट वारसांना देत होतं. साडेबारा टक्के हे शब्द तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. घरोघरी वारसांची भांडणं, घरोघरी वंशावळी. अशा गावात मी देवळासमोर चटई टाकून एक मोठा कागद पसरला आणि छाती पुढे काढून म्हणालो, "मी डॉक्टर. तुमच्या वडिलांकडून वारशानं कुणाकुणाला काय आलंय ते बघायला आलोय. रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांना बोलवा."

पुढे बसला होता जोमादादा, बाळारामचा थोरला भाऊ. तो शेजारच्याच्या कानात पुटपुटला, "आता रक्त तपासून देतात वाटतं."

मला वाटलं, काय जागरूक गाव आहे.

आमच्या वंशावळीत पुरुष म्हणजे चौकोन आणि बाई म्हणजे गोल. ज्याला आजार, त्याचा आकार काळा भरायचा. मी बाळारामचा चौकोन काढला आणि स्केचपेननं काळाकुट्ट केला.

"बाल्याचा भरला?" जोमादादानं मान पुढे काढली.

"त्यांचं नक्की झालंय. पेपर माझ्याकडे आहेत."

"आन माजा?"

"तुमचं मशीन सांगेल. चान्स निम्मा."

"निम्मा का म्हून? मी थोरला हाय."

"यात थोरला-धाकटा नसतं, दादा. प्रत्येकाला सारखाच चान्स. मुलींनासुद्धा."

हे ऐकताच देवळासमोरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"पोरींना पन?"

"अगदी समान. तुम्हाला बहीण आहे का?"

जोमादादानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं देवळाच्या कौलांकडे पाहिलं.

"नाय," जोमादादा म्हणाला. "आमी नुसतं भाव."

मी लिहून घेतलं, बहिणी नाहीत.

दुपारपर्यंत ही गर्दी जमली. जो तो रेशनकार्ड घेऊन हजर. बाळारामचे आजोबा म्हणजे आपलेही आजोबा, असं सांगणारी माणसं गल्लीगल्लीतून निघाली. जोमादादा बिचारा ओरडत होता, "हा आमचा नाय! तो पन नाय!" पण मी मूळचा साताऱ्याकडचा. भावकीत वाजलं की माणूस सख्ख्या चुलत्याला ओळख देत नाही, हे माझ्या घरचं शिक्षण. मी गालात हसलो आणि सगळ्यांना कागदावर घेतलं.

एक मिशीवाला म्हणाला, "डॉक्टर, आमचा चौकोन कोपऱ्यावर घ्या. रोडला लागून."

"अहो, कुठेही काढला तरी सारखंच."

"सारखं कसं? मना पुढं गाला काढाचाय."

मी त्याच्या नावापुढे 'गालाची तक्रार' असं टिपून घेतलं. त्याला दुकानाचा गाळा म्हणायचं होतं, ते मला फार पुढे कळलं.

एक म्हातारी म्हणाली, "मना गोल नको रं बाबा. गोलात घर कसा बांधू?" म्हटलं, वय झालंय, असं होतं कधीकधी.

आणि कार्डिओग्राम? लोकांनी रांग लावली होती हो. एरवी पेशंटच्या हातापायाला चिमटे लावायचे म्हणजे मिनतवाऱ्या. इथे लोक शर्ट काढून आडवे. मशीनमधून पट्टी निघाली की माणूस ती दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा, आणि बाहेर जाऊन ओरडायचा, "माजी लागली!"

घरी येऊन पट्ट्या वाचल्या. सगळ्या नॉर्मल. जोमादादाही ठणठणीत. एवढं मोठं घराणं आणि बाळारामशिवाय एकही काळा चौकोन नाही! माझं डोकं तिथून जे सुटलं ते थेट परदेशात गेलं. आनुवंशिकतेचा जगन्मान्य नियम या गावात चालत नाही, हे मी शोधून काढलं होतं. बायकोला सांगितलंही, की आता आपल्याला पासपोर्ट काढावा लागेल.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे कागद पसरला. "सर, नियम चुकीचा आहे."

सरांनी चष्मा पुसला, घातला आणि कागदावर बोट ठेवलं. "या आजोबांना मुलगे किती?"

"चौदा, सर."

"चौदा मुलगे, आणि आडनावं अकरा?"

मी कागदावरची आडनावं पुन्हा मोजली. अकराच.

"मुलगी जेमतेम एक. या गृहस्थांचं हृदय सोडून बाकी सगळं तपासायला हवं होतं," सर म्हणाले. "परत जा. काय भानगड आहे ती विचारून ये. खरा आजारी माणूस अजून बाहेरच फिरतोय."

परत गेलो तर देवळासमोर माणूस मावत नव्हता. माझ्यासाठी हार आणला होता. मिशीवाल्यानं तो गळ्यात घातला आणि विचारलं, "डॉक्टर, ताबा कधी?"

"कसला ताबा?"

"प्लॉटचा."

मी गळ्यातला हार बघितला, हातातला कागद बघितला. कागदावरचे ते रांगेनं आखलेले चौकोन बघितले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. सरांचं वेदवाक्य विसरून मी किंचाळलोच, "अहो, हा रोग आहे! बापाकडून पोरांना येतो, माणूस उभ्या उभ्या जातो!"

सगळे दोन पावलं मागे सरकले. मग मिशीवाल्यानं माझ्या गळ्यातला हार काढून घेतला. "आमचा न त्यांचा काय संबंध? आमी मूलचे पलीकडच्या आलीतले." म्हातारी म्हणाली, मी तर नुसती मशीन बघायला आलेले. बघता बघता चौदाही मुलग्यांचे वारस घरी गेले. उरला जोमादादा.

"मी त सावत्र हाय," तो म्हणाला.

"सावत्र? कंदीपासून?" त्याच्या बायकोनं विचारलं.

"आतापासून."

मी मशीन गुंडाळायला लागलो. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण ते आजारी माणूस आता मला कोण दाखवणार? तेवढ्यात मागून आवाज आला, "कोन हाय तो, पोरींना समान देनारा डॉक्टर?"

डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक बाई. जोमादादानं तोंड फिरवलं.

"मी हिरूबाय. सारसोल्याला दिलेली. याची सख्खी बहीन," ती म्हणाली. "माजा गोल कुठं हाय?"

तिनं पाटी खाली ठेवली आणि देवळाच्या खांबाला धरून उभी राहिली. धाप लागली होती. डोळे मिटले, उघडले. ते मी पाहिलं आणि मशीन परत उघडलं.

"हिरूबाई, प्लॉट नाहीये. हा रोग आहे."

"बापाचा?"

"हो."

"मंग लिवा माज्या नावावर. जागा दिली नाय, घरातला भांडा दिला नाय. बापाचा रोग तरी माजा हाय का नाय?"

मी तिला चटईवर झोपवून पट्टी काढली. एका नजरेत कळलं. वाशीला नेऊन तपासलं तर भिंत बाळारामपेक्षा जाड. चक्कर तिला कित्येक वर्षं येत होती, ती उन्हावर ढकलत होती. मी कागदावर गोल काढला आणि काळा केला. एका 'नाय'वर विश्वास ठेवून मी ही बाई घालवणार होतो.

गोळ्या सुरू झाल्या, पाटी सुटली, हिरूबाई सावरली. जाताना म्हणाली, "माज्या गोलाचा कागद द्या." खोटे चौकोन गाळून मी नवी वंशावळ काढली होती. तिची झेरॉक्स हॉस्पिटलचा शिक्का मारून दिली.

त्याच वंशावळीवर आम्ही शोधनिबंध लिहिला आणि परदेशी पाठवला. तो साभार परत आला. शेरा होता की रुग्ण फक्त दोन, आणि त्यांचं नातं पुरेसं सिद्ध होत नाही.

मी तोंड पाडून बसलो होतो, तेवढ्यात हिरूबाई हातभर लांब जिताडा मासा घेऊन ओपीडीत आली.

"डॉक्टर, तुमचा कागद चालला!"

"कुठे?"

"तलाठ्याकडं. बापाचा चौकोन, त्याला रेघ, रेघेला माजा काला गोल, खाली शिक्का. तलाठी बोलला, नात्याचा एवढा पक्का पुरावा आजवर कोनी आनला नाय. वारसांत माजा नाव चढला, जोमानं गुमान सही केली."

मासा पिशवीत घालून मी सरांच्या खोलीत गेलो. "सर, आपला निबंध स्वीकारला गेला."

सर खुर्चीतून उठलेच. "कुठे?"

"तलाठी कार्यालयात."

सर परत बसले. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"चला," म्हणाले, "कुणीतरी वाचला."