पिशवीत भरलेला श्वास

आमच्या यांना धाप लागायची, पण कबूल करायचं नाही. झरी जामणी तालुक्यात आमचं गाव. लग्नाच्या आधीपासून ते गिट्टी खदानीत दगड फोडायच्या क्रशरवर होते. संध्याकाळी भुवयांसकट पांढरे होऊन यायचे. पुढेपुढे विहिरीपासून घरी येईतो वाटेत बसायला लागले. विचारलं की म्हणायचे, "बुटाचा बंद सुटला." पायात चप्पल!

एका डॉक्टरनं टीबीच्या गोळ्या दिल्या. थुंकीत काही सापडलं नव्हतं तरी. गोळ्या संपल्या, खोकला तसाच.

मग खदानीतल्या मजुरांसाठी गावच्या शाळेत तपासणी लागली. नागपूरहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, दगडाची धूळ छातीत बसली की श्वासातले वायू बदलतात का, ते शोधायचंय. उपाशीपोटी या, तंबाखू-सुपारीचा खर्रा नको, बिडी नको.

हे शाळेच्या मागं जाऊन खर्रा खाऊन आले.

"काका, तोंडात काय आहे?"

"काही नाही," म्हणताना सुपारी ओठावर आली. बाईंनी परत पाठवलं. वाटभर मी तोंड सोडलं. "तुमाले जीव प्यारा हाय का खर्रा?"

"खर्र्यानं काय होते? ते तं धूळ पाहून राह्यले!"

दुसऱ्या दिवशी मी यांचे खिसे झाडले आणि शेजारीच बसले. नळीत फुंकायचं, पिशवी भरायची. यांनी फुंकलं, खोकला आला. पुन्हा फुंकलं. पिशवी अर्धीच फुगली. हे तिच्याकडे बघत राहिले.

"येवढाच?" म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी बंदाचं नाव काढलं नाही.

मी विचारलं, "रिपोर्ट कधी भेटन?"

"मावशी, या पिशवीचा रिपोर्ट तुम्हाला मिळणार नाही. यावर अजून शोध चालू आहे. आजार ठरवायला छातीचा फोटो काढावा लागेल."

माझं डोकंच फिरलं. "मंग आमचा श्वास नेता कायले?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी छाती तपासली, चिठ्ठी दिली, म्हणाल्या, "उद्याच यवतमाळला जा."

यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "काम काय करता?" इतक्या वर्षांत हे कोणीच विचारलं नव्हतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप. छातीत दगडाची धूळ बसली होती. बसलेली निघत नाही, म्हणाले, पण आणखी जायला नको. क्रशर बंद.

गावी येऊन यांनी आठवडाभर माझ्याशी वाद घातला, मग काम सोडलं. आता घराजवळ शेळ्या चारतात.

दीर मात्र अजून त्याच क्रशरवर जातो. परवा अंगणात खोकला, तर हेच त्याच्यावर उखडले, "फोटो काढाले काहून जात नाही बे?"

"मले काय झालं?" तो म्हणाला.

हे आणखी बोलायला गेले, तर अर्ध्यातच धाप लागली. उरलेलं मी बोलले.