मापुईपांच्या कपाटातलं गाणं

ते चहात गूळ विरघळू देत नाहीत. खडा दाढेत धरतात आणि वरून कोरा चहा पितात. कुणी चुकीचा सूर लावला तर त्याच्याकडे बघत नाहीत, स्वतःच्या चपलांकडे बघतात. "शेवटचं एकदा" म्हणतात आणि अकरा वेळा वाजवायला लावतात. आणि वस्तीचा भोंगा खरखरला की हातात जे असेल ते तिथल्या तिथे ठेवून उठतात.

या शेवटच्या सवयीने मला वर्षभर छळलं.

त्यांचं खरं नाव लालरिनकिमा. पण थोरली मुलगी मापुई झाल्यापासून ऐजॉलच्या आमच्या उतारावर ते मापुईपा, म्हणजे मापुईचे बाबा, आणि त्यांची बायको मापुईनू, मापुईची आई. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. एम.ए. होऊन घरी बसलो तेव्हा आईने मला त्यांच्याकडे पाठवलं, काहीतरी शिकेल म्हणून. मशीन राहिलं, बेस गिटार शिकलो.

मापुईपा गिटार वाजवायचे त्या आमच्या बँडची पाच गाणी रेकॉर्ड करायची होती. स्टुडिओ आमच्या ऐपतीबाहेर. म्हणून मापुईपांचं घर. खिडकीला गादी उभी केली. कोंबडा शेजारी सोडून आलो. पाऊस आला की काम बंद, कारण वर पत्रा. कंप्युटरचा पंखा घरघरतो म्हणून तो स्वयंपाकघरात, मध्ये लांबलचक वायर. बटण मापुईनू दाबायची, भाजी ढवळता ढवळता, आणि "दाबलं!" म्हणून ओरडायची. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला तिचा आवाज आहे.

गायक झोवा. तो कपड्यांच्या कपाटात उभा राहून गायचा, मापुईनूच्या कोटांमध्ये.

"हिवाळा आला की बाहेर पडेन ना?" तो आतून विचारायचा.

"सुरात गायलास तर आजच काढू," मापुईपा म्हणायचे.

झोवा सुतार. बायको नाही, मुलं नाहीत. वसंतात त्याच्या घशात गाठ निघाली. गुवाहाटीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, यानंतर आवाज राहणार नाही. आमच्या हातात सात आठवडे होते. सात आठवड्यांत पाच गाणी. कुठल्याही शहाण्या माणसाला जमलं असतं.

पण भोंगा. वस्तीत कुणी गेलं की भोंग्यावर नाव सांगतात, आणि जाणते हात कबर खणायला जातात. त्या दिवशी दफन होईपर्यंत वस्तीत गाणं-वाजवणं नाही, फक्त मयताच्या घरी. त्या सात आठवड्यांत सहा जण गेले. सहाही वेळा मापुईपांनी गिटार ठेवली आणि फावडं उचललं.

"वीस पोरं आहेत खणायला," मी एकदा म्हणालो.

"वीस फोन आहेत. खणणारे चारच."

"तुम्ही अठ्ठेचाळीस वर्षांचे आहात."

"म्हणूनच तर. खडक कुठे लागतो ते मला माहीत आहे."

तरी चार गाणी झाली. पाचवं राहिलं. ड्रम, गिटार, बेस, सगळं झालं होतं. झोवाचं पहिलं कडवंही. दुसरं कडवं बाकी. झोवाची गुवाहाटीची सुमो दुसऱ्या दिवशी पहाटे सुटणार होती. दहा वाजता, पोरं शाळेत गेल्यावर, गायचं ठरलं. आकाश स्वच्छ होतं. कोंबडा शेजारी होता.

साडेनऊला भोंगा खरखरला. सहावं नाव, खालच्या गल्लीतला भाडेकरू. लुंगलेईकडचा, चार महिन्यांपूर्वी आलेला. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. दफन तीनला.

मापुईपा उठले.

"नाही," मी म्हणालो. "आज नाही."

"त्याच्या घरी फक्त बायको आहे."

"झोवाकडे फक्त आजचा दिवस आहे!"

त्यांनी चपलांकडे पाहिलं. मग बूट घातले.

मी कपाटापाशी गेलो. "झोवा, तू थांब. माइक मी लावतो. मापुईनू दाबेल. दहा मिनिटांचं काम."

"मयताच्या दिवशी?" मापुईनू स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी नाही दाबणार."

झोवा कपाटातून बाहेर आला. त्याच्या खांद्यावर कोटाची बाही अडकली होती. "वेड्या," तो म्हणाला, "मी कपाटात गात बसलो तर खाली ऐकू जाईल. चल, दुपारून बघू."

मीही गेलो. रागाने खणलं. खडक लागला, मापुईपा म्हणाले होते तिथेच. दोन वाजले.

त्या घरी माणसं कमी होती. पाळकांनी प्रार्थना केली. गाणं उचलायला कुणी नव्हतं; ती बाई भिंतीला टेकून बसली होती. मापुईपांनी कोपऱ्यातल्या झोवाकडे मान वळवली.

"झोवा. सुरू कर."

त्याच आवाजाला संध्याकाळी दुसरं कडवं गायचं होतं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

झोवाने सुरू केलं. तासभर गायला. हळू नाही, पूर्ण आवाजात. पाचव्या प्रार्थनागीताला आवाज फाटला, तरी थांबला नाही. ती बाई शेवटी शेवटी त्याच्याबरोबर गुणगुणत होती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा तो "पाणी" एवढंच म्हणाला, तेही नीट उमटलं नाही.

"आता काय?" मी मापुईपांना विचारलं. "तुम्हीच सांगितलंत त्याला. तुम्ही."

"हो."

"का?"

"तो तिथे होता. आणि त्याला गाता येत होतं."

पहाटे सुमो गेली. ऑपरेशन झालं. झोवा आता पाटीवर लिहून बोलतो. विनोद पूर्वीइतकेच वाईट आहेत, फक्त उशिरा पोचतात. त्याने पाटीवर लिहिलं, दुसरं कडवं मापुईपांनी म्हणावं. ते नाही म्हणाले. मी म्हणालो, पहिलंच पुन्हा चिकटवू, कुणाला कळणार नाही. तेही नाही. मग दुसरं कडवं काढून टाका आणि गाणं लहान करा. त्यालाही नाही.

ते काही करतही नाहीत. महिन्यातून एकदा कंप्युटर लावतात, पाचवं गाणं उघडतात, ड्रम थोडे खाली आणतात, गिटार थोडी वर, आणि बंद करतात. चार गाणी लोकांना दिली. पाचवं तसंच आहे. पहिलं कडवं संपतं, मग सव्वा मिनिट नुसती वाद्यं वाजतात.