मामूंचा सेट कधी घुमत नाही

जालन्यात आमचा रॉक बँड होता, हे सांगितलं की लोक आजही सहानुभूतीनं बघतात. मी गिटार वाजवायचो, एक मित्र कीबोर्ड, दुसरा ड्रम. नव्वदचं दशक होतं. वरातीत न वाजवणारा बँड म्हणजे काय, हे घरोघरी समजावून सांगावं लागे.

मग कीबोर्डवाला काही दिवस पुण्याला राहून आला आणि त्याला प्रयोग सुचला. यंत्रांचं संगीत. त्यात गाणं नाही, चाल नाही. कीबोर्डमधला तयार ठेका, दोन स्टेशनांच्या मधोमध लावलेला रेडिओ आणि जाफराबादला त्याच्या मामाच्या विहिरीवर टेप केलेला पाण्याच्या मोटारीचा आवाज. या सगळ्याला त्यानं ‘ध्वनिचिंतन’ असं नाव दिलं. मला पहिली शंका आली ती या नावामुळेच.

ठेका यंत्र धरणार, मग ड्रमवाल्यानं काय करायचं?

"तू रेडिओ सांभाळ," कीबोर्डवाला म्हणाला.

"अन् माझे ड्रम?"

"हे जमलं तर ड्रम लागणारच न्हाईत, भौ."

तरी ड्रमवाला सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा आणि तासन्‌तास रेडिओचा कान पिळत बसायचा. आपल्याला काढून टाकण्याच्या तयारीत इतकं मन लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पहिला प्रयोग भोकरदनला, एका गणेश मंडळापुढे. त्यांनी ऑर्केस्ट्रा समजून बोलावलं होतं. आम्ही तो समज दूर केला नाही. प्रमुख पाहुणे, रिवाजाप्रमाणे, उशिरा येणार होते. तोवर सुरू करा, असं मंडळवाले म्हणाले.

मोटार घुमू लागली, रेडिओ खरखरला. लोक शांतपणे कार्यक्रम सुरू होण्याची वाट बघत राहिले. स्पीकरवाले मामू मात्र ताडकन उठले. तालुक्यात त्यांचा लौकिक एकच होता: मामूंचा सेट कधी घुमत नाही. त्यांनी वायरी हलवल्या, माइकला टपल्या मारल्या आणि शेवटी थेट स्टेजवर आले.

ड्रमवाला आडवा आला. "मामू, हात नका लावू. आम्ही तसंच वाजवून राह्यलो."

"म्हणजे बिघडलं न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग असं वाजवता कायको?"

"पाच मिनटं थांबा. लई मेहनत केली आम्ही."

"तुझी मेहनत बराबर हाय, बेटा. पण लोकं नावं मला ठेवून राह्यले."

एवढं बोलून मामूंनी आमची पिन उपटली.

नेमके त्याच शांततेत पाहुणे आले. "वाजवा! काहीतरी वाजवा!" सूत्रसंचालक ओरडला. ड्रम तर जालन्याला होते, माझी गिटारही. ड्रमवाल्यानं मामूंची वायरी ठेवायची पत्र्याची पेटी पालथी घातली आणि दोन्ही हातांनी वाजवायला लागला. पाहुण्यांनी त्या ठेक्यावर शाल पांघरून घेतली, नारळ घेतला, आणि हे आपल्या मानासाठीच चाललंय असं समजून पुन्हा पुन्हा हात जोडले. पोरं नाचू लागली. मामूंनी स्वतः येऊन पेटीपुढे माइक धरला.

परतीच्या जीपमध्ये रेडिओ ड्रमवाल्याच्या मांडीवर होता.

"रेडिओ चांगला लावला होतास," कीबोर्डवाला म्हणाला.

"लावला होता ना? अजून थोडं वाजू द्यायला पाह्यजे होतं मामूनं." ड्रमवाल्याला खरंच वाईट वाटत होतं.

कीबोर्डवाल्यानं मोटारीची टेप पिशवीत टाकली. मग म्हणाला, "उद्या सरावाला ड्रम आण."

"अन् मोटार?"

"ती राहू दे मामाच्या विहिरीवर."